माउस डावीकडे ठेवण्याचे शास्त्र

कामरगावसारख्या मोठ्या गावात सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती या साऱ्यांची वाट ऑनलाइन सेवा केंद्राच्या टेबलावरून जाते, आणि त्या टेबलावर माउस दिवसभर आपटला जातो. बाण अडला की दोष माउसचा, हे सर्वमान्य मत. प्रस्तुत मार्गदर्शन त्याशी असहमत आहे. माउस बहुधा निर्दोष असतो. चौकशी टेबलाची व्हावी. टेबलाला काच हवीच, काचेखाली देवाचा फोटो, दरपत्रक आणि कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डे हवीतच. पण ऑप्टिकल माउस पोटातल्या दिव्याने खालचा पृष्ठभाग उजळून दर सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि ती ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला ताडायला काही मिळत नाही. मग बाण थरथरतो, उडी मारतो आणि ‘रद्द करा’वर जाऊन बसतो. कारंज्याहून महागडा गेमिंग माउस मागवण्याआधी त्याखाली वहीचा पुठ्ठा सरकवून पाहावा. दरपत्रक थोडे झाकले जाईल, त्याबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार येईल, मालकाची येणार नाही.

टेबलानंतर चौकशी मनगटाच्या दुखण्याची. त्यावर गंभीर आक्षेप असा, की दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्यांचे हात दुखत नाहीत, तिथे पंख्याखाली बसून बोट हलवणाऱ्याचे मनगट कसले दुखते? सोंगणाऱ्यांचेही दुखतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. शिवाय दुखण्याची जात वेगळी आहे. विळा चालतो तेव्हा खांदा, कोपर, कंबर सगळी कामाला लागतात; माउसवाल्याचा हात मात्र तासन् तास एकाच जागी, मनगट वाकवून, टेबलाच्या कडेवर रेललेला असतो. नस दबायला तेवढे पुरते. म्हणून मनगट सरळ, कोपर अंगाजवळ आणि माउस कीबोर्डच्याच उंचीवर, लगेच हाताशी असावा.

पण हाताशी म्हणजे कुठे? इथेच खरी ग्यानबाची मेख आहे. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा असतात. त्या काढता येत नाहीत, कारण आधार क्रमांकच 12 आकडी. त्यांच्यामुळे माउस आणखी उजवीकडे, जवळजवळ प्रिंटरच्या हद्दीत जातो आणि हात दिवसभर लांब ताणलेला राहतो. तेव्हा माउस डावीकडे घ्यावा: उजवा हात आकडे टिपेल, डावा बाण चालवील. डग्लस एंगेलबार्ट यांनी 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दिले, तेव्हा त्यांच्याही दोन्ही हातांना काम होते. उजव्यात माउस, डाव्याखाली पाच कळांची छोटी पट्टी. आपण त्यातला एक हात बेरोजगार केला आणि दुसऱ्यावर ओव्हरटाइम लादला.

‘डाव्या हाताने शुभ काम करत नाहीत’ हा आक्षेप उलट आपल्याच बाजूचा आहे. डावा हात माउसवर गुंतला की कागद घेणे, पैसे मोजणे, पावती देणे ही शुभ कामे आपोआप उजव्याकडे येतात. पहिले काही दिवस बाण दारू प्यायल्यासारखा चालेल. सेटिंगमध्ये त्याचा वेग थोडा कमी करावा. खुर्चीवर पाळीपाळीने दोघे बसत असतील तर डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल मात्र करू नये, नाहीतर दुसऱ्याला प्रत्येक क्लिकला भलताच मेनू उघडून मिळेल. आहे तेच बटण डाव्या हाताच्या मधल्या बोटाने दाबता येते.

राहता राहिला सर्व्हर. पडद्यावर चक्र फिरू लागले की मागून हमखास आवाज येतो, “अजून एक डाव दाबून पाय ना भाऊ!” दाबू नये. वेबपानावरच्या बटणाला एकच क्लिक लागते. दुसरीने सर्व्हर जागा होत नाही, झालाच तर पैसे दोनदा कापतो. अशा वेळी हात माउसवरून काढून मांडीवर ठेवावा. मनगटाला विश्रांती मिळण्याची ही दिवसातली सर्वांत खात्रीची वेळ आहे, आणि पीकविम्याची मुदत संपत आली की ती भरपूर मिळते.