टेपनाना

टेपनाना पेंटरला घरात घेण्याआधी हातपाय धुवायला लावतात. काम संपल्यावर नव्हे, आधी. गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर पेंटर आला, तेव्हा त्याच्या चपला वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र प्लॅस्टिकवर, प्लॅस्टिक पायपुसण्यावर आणि पायपुसणं चारी बाजूंनी मास्किंग टेपने फरशीला चिकटवलेलं, अशी चोख व्यवस्था होती. पेंटरने खांद्यावरची घोडी खाली ठेवली आणि विचारलं, "काका, आत ऑपरेशन आहे का?"

नाना हसले नाहीत. रंगकाम हा त्यांच्या लेखी हसण्याचा विषय नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडला असा माणूस दर दोन बिल्डिंगमागे एक सापडतो, म्हणून फार ओळख करून देत बसत नाही. निवृत्त, टापटीप, 'फ्लॅट घेतला तेव्हा समोर द्राक्षबागा होत्या' हे भेटेल त्याला ऐकवणारा, आणि घर रंगवायला काढायचं ठरलं की दोन महिने आधीपासून झोप उडालेला. रंग कोणता द्यायचा याची नानांना फिकीर नसते. शेडकार्ड ते नानींच्या हातात देतात आणि स्वतः टेपेच्या दुकानात जातात. "रंग काय, कोणीही देईल. पसारा नको!"

यामागे नाशिकरोडचा प्रेस आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस, स्थापना 1925. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट. नानांची अख्खी नोकरी तिथे गेली. जिथे वाया गेलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो, तिथून माणूस एक दिवस निवृत्त होतो. हिशेब होत नाही. घरी तो रंगाचे थेंब मोजायला लागतो. त्यात नानांना कुठूनसं कळलं की मास्किंग टेपही 1925 सालचीच. तेव्हा अमेरिकेत मोटारी दोन रंगांत रंगवायची टूम निघाली होती. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून कारागीर कागद चिकटवायचे, आणि तो ओढून काढला की खालचा ओला-सुका रंगही सोबत यायचा. मग कारागीर तोंड सोडायचे. ती शिवीगाळ थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू नावाच्या तरुण माणसाने ऐकली, आणि लागेल पण ओरबाडणार नाही अशी टेप त्याने शोधून काढली.

"पंचवीस साली प्रेस, पंचवीस साली टेप!" नाना बोट वर करून सांगतात. यातून नेमकं काय सिद्ध होतं ते विचारायची सोय नाही. विचारलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

तर टेप. स्विचबोर्डांना, दाराच्या चौकटींना, स्कर्टिंगला लागते हे आपल्याला पटतं. नानांनी कडीकोयंड्यांना, बिजागऱ्यांच्या एकेका स्क्रूला, पंख्याच्या पात्यांना, नळांना आणि कपाटाच्या किल्लीलाही टेप लावली. किल्ली कपाटातच लावून ठेवलेली होती, त्यामुळे नानींच्या साड्या पुढचे चार दिवस कैदेत. "देवघर तरी सोडा," असं नानी म्हणाल्या म्हणून देव वाचले; देव्हाऱ्याच्या घंटेला मात्र लागलीच. दाराच्या बेलवर तर दुहेरी पट्टी. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, बेलचं बटण सापडेना म्हणून बराच वेळ पट्टीकडे बघत उभा राहिला आणि परत गेला. कुरिअरवाल्याने पाकीट आमच्याकडे टाकलं. ते द्यायला मी गेलो तर नाना म्हणाले, "आत येऊ नका, तिथूनच सरकवा." सरकवलं. त्यांनी ते उचललं, पाकिटाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवून बोट उजेडात धरून पाहिलं, आणि मगच आत नेलं.

स्वयंपाकघराचा ओटाही पॅक, तेव्हा जेवण बाहेरून. नाशिकमध्ये बाहेरून म्हणजे अखेर मिसळ. आता लाल तर्रीचा रस्सा, आणि खाली जमिनीवर नुकतीच अंथरलेली, कडेने टेप मारलेली कोरी वर्तमानपत्रं! जमिनीवर डाग पडू नये म्हणून कागद, आणि कागदावर डाग पडू नये म्हणून नाना-नानी जिन्यात बसून मिसळ खाताहेत, हे दृश्य सगळ्या विंगने येता-जाता पाहिलं. पेंटर मात्र आत घोडीवर बसून डबा खात होता. त्याच्या भाजीला रस्सा नव्हता, हे नानांनी आधी बघून घेतलं होतं.

हसायचं तेवढं हसून घेतो, पण माणसाला विषय कळतो. घरात खरी घाण रंगाने होतच नाही, लांबीच्या घासाईने होते. लांबी भरून पॉलिश पेपर फिरवला की जी पांढरी पूड उडते ती बंद कपाटातल्या घड्या घातलेल्या कपड्यांतसुद्धा सापडते, दिवाळी होऊन गेल्यावरही सापडते. नाना घासाईच्या दिवशी पंखे बंद करतात, खोलीच्या दारात ओली चादर टांगतात आणि पूड झाडू न देता ओल्या फडक्याने टिपतात. आधी छत, मग भिंत, शेवटी चौकटी. ब्रश डब्यात एक तृतीयांशच बुडवायचा आणि कडेला निथळायचा. जेवणाच्या सुट्टीत ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा, म्हणजे वाळत नाही. पेंटरला हे सगळं येत होतं. पण दर अर्ध्या तासाने कोणी ते आपल्याला सांगत राहिलं की येत असलेलंही विसरायला होतं.

आणि मग समारंभ. टेपकाढणी. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायची असते, तिरकी, सावकाश, ओढायची स्वतःकडे. नाहीतर रंगाचा पापुद्रा सोबत येतो. नानांनी आम्हा शेजाऱ्यांना चहाला बोलावून हॉलच्या खिडकीची पट्टी आमच्यासमोर काढली. नखाने कोपरा उचलला, श्वास धरला, आणि चर्रर्र. खाली जी रेघ निघाली ती खरोखर तिकिटाच्या कडेसारखी निघाली. अलीकडे पांढरं, पलीकडे मोतिया, मध्ये काही नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नानांनी काढलेली टेप तिथल्या तिथे गोळा करून पिशवीत टाकली. नाना म्हणाले, "पंचवीस साली..." आणि आम्ही घाईने चहा संपवला.

पण समारंभ रोज एकाच खिडकीचा, कारण घाई चालत नाही. असं करत दसरा उलटला. बेडरूमच्या पट्ट्या राहिल्याच, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांचा गोंद चौकटीत मुरला. अखेर काढल्या तेव्हा टेप तुकड्या-तुकड्यांनी आली, येताना जुना ऑइलपेंट घेऊन आली आणि जाताना चिकटा ठेवून गेली. तो घालवायला रॉकेल, रॉकेलचा ओघळ नव्या भिंतीवर. अख्ख्या घरात रंगाचा एक थेंब सांडला नाही. जी काय घाण झाली ती टेपेने केली. त्यानंतर काही दिवस पंचवीस सालचा उल्लेख झाला नाही.

त्याच दिवसांत बाहेर रस्ता खणलेला. सिंहस्थ जवळ आला की नाशिकचा कुठला ना कुठला रस्ता आतडी बाहेर काढून पडलेला असतो, आणि त्याची धूळ खिडकीला टेप मारली म्हणून मागे फिरत नाही. नाना रोज सकाळी नव्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवायचे आणि ते बोट गॅलरीतून सबंध गंगापूर रोडला दाखवायचे.

एकदा पेंटरच मला जिन्यात म्हणाला, "साहेब, काकांच्या हॉलमध्ये एक चौकोन तसाच ठेवलाय. रंगवू देत नाहीत." मी जाऊन पाहिलं. दिवाणाच्या वर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. त्याभोवती टेपेचा चौकोन, अगदी काटकोनात.

"तेलाचा डाग," नाना म्हणाले. "पाण्याच्या रंगाखाली दबत नाही तो. दोन हात मारा, परत वर येतो."

हे खरं आहे. पण वर ऑइल प्रायमरचा एक हात मारला की डाग दबतो, हेही खरं आहे, आणि नानांसारख्या माणसाला ते ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. मी गप्प राहिलो. मग त्यांनीच सांगितलं. आई तिथे बसायच्या. डोक्याला तेल चोपडून, भिंतीला टेकून, दुपारभर रेडिओ लावून. आकाशवाणीचा टॉवर इथून जवळ, म्हणून रेडिओ इतका स्पष्ट लागतो असं त्यांचं मत होतं. त्याआधी सगळे जुन्या नाशकात, वाड्यात. तिथे दिवाळीआधी आई पिंपात चुनकळी टाकायच्या, पाणी ओतलं की पिंप खदखदा उकळायचं, पोरं लांब पळायची. चुना निवला की त्यात निळीची चिमूट, थोडा डिंक. मग कुंचा घेऊन स्वतः भिंतीला उभ्या राहायच्या. भुवयांपर्यंत चुना, लुगड्यावर चुना, अंगणात चुना, आणि नानांच्या दप्तरावरही.

"इतका पसारा करायच्या!" नाना कौतुकाने म्हणाले. माझ्या माहितीत पसारा हा शब्द त्यांनी कौतुकाने उच्चारल्याचं हे एकमेव उदाहरण.

मला हा माणूस आवडतो असं मी अजूनही म्हणणार नाही. पण यंदा आमचं घर रंगवायला काढलंय, आणि बोलावल्याशिवायच नाना म्हणाले, "रविवारी सातला येतो. पेंटर आठला बोलवा, तोवर मी लावून घेतो." नको म्हणायला तोंड उघडलं आणि "या" असं बाहेर पडलं. हिने कपाटाच्या किल्ल्या पर्समध्ये घेतल्यात, चार दिवसांच्या साड्या माहेरी पाठवल्यात आणि मांजर खालच्या मजल्यावर नेऊन ठेवलंय. हलत्या वस्तूला टेप लागत नाही असं नाना म्हणतात खरं, पण ते मांजराला अजून भेटलेले नाहीत.