पाचर

आमच्या गाडीच्या कागदपत्रांवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असं लिहिलंय, पण घरात तिला पद्मिनी कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७८ साली निघाली, अप्पांनी नंबर लावून, वाट बघून घेतली आणि अप्पांच्या पश्चात माझ्याकडे आली. सोबत ड्रायव्हरच्या बाजूची हलणारी काचही आली. तशी या गाडीत हलत नाही असं फारसं काही उरलेलं नाही. पण बाकीचे भाग निदान रस्ता खराब असला तरच बोलतात. ही काच सिग्नलला थांबल्यावरसुद्धा इंजिनाच्या ठेक्यावर खडखड करत राहायची.

अप्पांकडे यावर एकच औषध होतं. पाचर! हाताला लागेल ते घडी करायचं आणि काच नि दाराची पट्टी यांच्या फटीत खुपसायचं. स्वारगेटपर्यंत शांतता. मग कोणाला तरी गरम व्हायचं, तो काच खाली करायचा, पाचर दाराच्या पोटात गडप व्हायची आणि अप्पा खिशात नवी शोधायला लागायचे. चाळीस वर्षं हे चाललं. मी गाडी चालवायला शिकलो तेव्हा क्लच, हँडगिअर आणि पाचर हे तिन्ही एकाच दिवशी शिकलो.

गेल्या जूनमध्ये काचेनं पाचरीला जुमानणं सोडलं. हँडल फिरवलं की आतली मशीन वर जायची, काच जागच्या जागी. शेवटी ती मान तिरकी करून अर्ध्यात अडकली, आणि तेवढ्यात पाऊस आला. डावीकडे कोरडी बसलेली बायको म्हणाली, “अहो, तुमच्यावर छत्री धरू का?” प्रश्नात काळजी अजिबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतलं उस्तादांचं गॅरेज गाठलं. उस्तादांनी हँडलची पिन काढली, दाराचं पॅड उचकटलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि थबकले.

“साहेब, दारात कुणाचा संसार आहे?”

मग एकेक वस्तू बाहेर यायला लागली. कपडे वाळत घालायचा चिमटा. पीएमटीची तिकिटं, त्या पीएमटीची २००७ साली पीएमपीएमएल झाली, त्यालाही इतकी वर्षं झाली, तिकिटं मात्र दारात उभ्यानं प्रवास करत होती. महाराष्ट्र राज्य लॉटरीची तीन तिकिटं, निकाल न बघताच खुपसलेली असावीत, निदान मी तशी आशा करतो. चारमिनारचं एक पाकीट. आईला शब्द देऊन अप्पांनी १९८१ साली सिगारेट सोडली होती. पाकिटावर छापलेली किंमत १९८१ची नव्हती. ते मी मुकाट्यानं खिशात घातलं. आणि सर्वांत खाली, लगदा व्हायच्या बेतात असलेला माझ्या आठवीच्या प्रगतिपुस्तकाचा तुकडा, नेमका गणिताच्या रकान्याचा. ते ‘हरवलं’ होतं. ही पाचर अप्पांची नव्हे.

उस्तादांनी हात पुसले आणि निदान सांगितलं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. आमच्या पाचरींचा लगदा त्या भोकांत बसला. पाणी साचलं, काचेची खालची कड ज्यात बसते ते चॅनल गंजलं, त्यातलं रबर लाकडासारखं झालं, काच सुटली. “सुटली की हलते,” उस्ताद म्हणाले, “हलली की तुम्ही पाचर मारता.” चाळीस वर्षं आम्ही ज्याला औषध म्हणत होतो, तोच रोग होता.

मी धीर करून म्हटलं, “काचेची कड जराशी घासून घट्ट बसवली तर?” उस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं, की आठवीचे गणिताचे मास्तर आठवले. ही काच टफन्ड. घडवताना एकदा आकार दिला की दिला. नंतर कापायला किंवा कोपरा घासायला गेलात की अख्खी काच एका क्षणात साबुदाणा होते.

चॅनल शोधायला रविवारी जुन्या बाजारात गेलो. विक्रेत्यानं किंमत सांगितली, मी दचकलो, तो दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, “मुंबईची पद्मिनी टॅक्सीपण बंद झाली साहेब, माल येणार कुठून?” ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मी पेपर वाचून हळहळलो होतो. त्या हळहळीचे पैसे असे वसूल होतील हे ठाऊक नव्हतं.

बसवायचं काम मात्र बघण्यासारखं. चॅनलमध्ये नवं रबर, त्याला साबणाचं पाणी, त्यावर काच, आणि लाकडी हातोडीनं बाळाला थोपटावं तसे ठोके. दोन्ही बाजूंच्या खाचांत नवा नमदा. तळाची भोकं तारेनं मोकळी. उस्ताद एरवी पान्यानं गाडीवर टकटक करून ग्राहकांना ओरडतात. त्या अर्ध्या तासात त्यांनी फोनसुद्धा घेतला नाही. बिलात काचेपेक्षा उत्खननाचेच पैसे जास्त असावेत.

उजवी काच आता हलत नाही. परतताना लक्ष्मी रोडवरच कळलं, की डावीसुद्धा हलते; इतकी वर्षं उजवीच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती. ते दारही घेऊन या म्हणून उस्तादांनी बजावलंय. मी हो म्हटलंय. तूर्त तिथे बायकोच्या मावसबहिणीच्या मुलाची लग्नपत्रिका आहे. लग्न येत्या रविवारी आहे, मुहूर्त बघायला ती बाहेर काढावी लागेल.