नानांचं कॅरेट

नानांना ओळखत नाही, असं म्हणू नका. पुणे-नाशिक हायवेवर मंचरच्या पुढं मासवडीच्या कुठल्याही हॉटेलात शिरा. जेवण झाल्यावर ताट चांगलं होतं की वाईट यावर एक शब्द न बोलता जो माणूस बिल उलटं करतो, खिशातलं पेन काढून मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडतो आणि शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर जाहीर करतो, ते नाना.

"पाच ताटांचे साडेबाराशे. आज बाजार साठनं निघालाय. म्हणजे एकवीस कॅरेटं. चारशे वीस किलो टोमॅटो खाल्ला आपण पाच जणांनी!"

आता मासवडीत टोमॅटो नसतो. शिजवलेलं बेसन कापडावर थापायचं, त्यावर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर हाणायच्या, एवढंच तिचं शास्त्र. पण नानांनी उत्तर सांगितलं की पाचही जणांच्या पोटात एकदम चारशे वीस किलोचं ओझं पडतं आणि बडीशेपही घशाखाली उतरत नाही. ज्यानं जेवायला बोलावलेलं असतं, तो तर पाकीट काढताना गुन्हेगारासारखा इकडंतिकडं बघतो.

जुन्नर-आंबेगावात न राहणाऱ्यांसाठी सांगायचं तर कॅरेट म्हणजे वीस किलो टोमॅटो मावणारी प्लॅस्टिकची जाळीदार पेटी. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा भाव किलोवर नाही, कॅरेटवर निघतो. रुपया हे नानांच्या लेखी निव्वळ बिल चुकतं करण्याचं साधन. वस्तूची खरी किंमत त्यांना कॅरेटातच कळते. पंचाईत एवढीच की डॉलर वीस पैशांनी हलला तर पेपरात बातमी येते, आणि नानांचं चलन सोमवारी दोनशे असतं अन् गुरुवारी ऐंशी. त्यामुळं एकच शर्ट त्यांनी आठवड्यात दोनदा, दोन किमतींना विकत घेतलेला असतो. सोमवारी तो स्वस्त होता, गुरुवारी दुकानदारानं लुटलेलं असतं.

याचा सगळ्यात मोठा फटका त्यांच्या पुतण्याला बसला. पोरगं हिंजवडीत नोकरीला, वर्षाला बारा लाखांचं पॅकेज. कॅरेट शंभरावर असताना नानांनी भावकीत सांगितलं, "बारा हजार कॅरेटं कमावतंय पोरगं, तेही एसीत बसून." स्थळांची रांग लागली. बोलणी पुढं गेली तोवर २०२३ चा जुलै उजाडला आणि कॅरेट पंधराशेवर गेलं. मुलीच्या वडिलांसमोर नानांनी प्रामाणिकपणे नवा भागाकार केला. "आठशे कॅरेटं. खोटं कशाला सांगू?" मुलीच्या वडिलांचा स्वतःचा दोन एकर टोमॅटो होता. त्यांनी पुतण्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं एरवी शेतकरी नवऱ्याकडं पाहतात. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, हे दुखणं गावोगावचं; त्या एका महिन्यात ते हिंजवडीला गेलं होतं. पुढं भाव पडला आणि लग्न जमलं.

खेळातही तेच. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला आणि लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. नानांचा पहिला आक्षेप पैशांवर नव्हता. "माल समोर नसताना बोली लावतात? कॅरेट उघडून बघायला नको? वर लाल आणि खाली किडका निघाला तर?" मग पेन निघालं. तीनशेच्या बाजारानं नऊ लाख कॅरेटं. शंभर कॅरेटांची एक पिकअप धरली तर नऊ हजार पिकअपी. एकीमागं एक उभ्या केल्या तर रांग नारायणगावातून निघून चाकणपर्यंत जाईल. "तशी चाकणला रोजच एवढी रांग असते म्हणा," नाना म्हणाले, आणि त्या दिवसात त्यांना पहिल्यांदा सगळ्यांनी दुजोरा दिला. पुढं त्या हंगामात पंतची बॅट बरेच दिवस रुसून बसली, तेव्हा नानांनी एका वाक्यात समालोचन संपवलं: "पट्टीत कट लागणार." म्हणजे खराब मालाचे पैसे विक्रीच्या हिशेबातून कापले जाणार.

बैलगाडा शर्यत हा खरं तर त्यांचा जीव की प्राण. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, ती २०२१ च्या डिसेंबरात उठली. मधली सात-साडेसात वर्षं घाट ओस पडले होते, नाना त्याहून ओस. बंदी उठल्यावर ते पुन्हा घाटाच्या कडेला उभे राहिले. घोडी सुटते, बैल सुटतात, भंडारा उधळतो, निवेदकाचा 'भिर्रर्र' आभाळात जातो, लोक श्वास रोखून सेकंदाची वाट बघतात; आणि नाना बक्षिसांचा फलक वाचत असतात. २०२२ साली चिखलीच्या शर्यतीत पहिल्या नंबराला चक्क जेसीबी ठेवला होता. त्याचं उत्तर काढताना नानांना वही लागली. गाडा आला केव्हा आणि गेला केव्हा, हे त्यांनी नंतर पुतण्याच्या मोबाइलवर बघितलं.

त्यांना रोखणारा एकच माणूस आजवर निघाला, तो तमाशाचा मॅनेजर. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं गाव हे. इथं घासाघीससुद्धा कलेचा मान राखून करतात. नानांनी मात्र राहुटीत बसल्या बसल्या सुपारीचा भागाकार मांडला आणि "एवढी कॅरेटं एका रात्रीची?" असा सूर लावला. मॅनेजरनं शांतपणे पान जमवलं. "चालंल की नाना, कॅरेटातच ठरवू. जत्रा महिन्याभरानं आहे. त्या दिवशीचा बाजार जो निघंल त्यानं पैसे द्या." नानांनी पेन खिशात घातलं आणि रोख रुपयांत इसार दिला.

खोडदची गोष्ट तर तालुक्यात अजून सांगतात. तिथं जीएमआरटीची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा नाना नातीला घेऊन गेले. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी इथं पकडतात, हे एक तरुण शास्त्रज्ञ पोटतिडकीनं समजावत होता. नाना मान वर करून त्या डिशकडं एकटक बघत होते. शास्त्रज्ञाला वाटलं, आजोबा विश्वाच्या विचारात बुडाले. नाना म्हणाले, "एक थर लावला तर आठ हजार कॅरेटं बसतील हिच्यात."

पण पुढं ते म्हणाले ते शास्त्रज्ञालाही पटलं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या अँटेना आखताना भरीव पत्रा वापरला नाही. ताणलेल्या तारदोरांवर बारीक तारेची जाळी बसवली, म्हणजे वजन कमी, खर्च कमी आणि वारा आरपार निघून जातो. नाना त्या तारांच्या जोडण्या बघत दोन फेऱ्या मारून आले. "ही तर आमची तारकाठी," त्यांनी निकाल दिला. "टोमॅटोला बांधतो तशी. फक्त बांबू मोठा घेतलाय." त्या दिवसापासून विश्वाच्या संशोधनात आपला अर्धा वाटा आहे, असं ते धरून चालतात.

या वाट्यानंच त्यांना दगा दिला. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावावरून जाणार, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. नानांनी त्या भरवशावर होणाऱ्या स्टेशनाजवळ पाच गुंठे घेऊन ठेवले. मग २०२५ मध्ये केंद्रानं सांगितलं, रेल्वेमुळं जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल, मार्ग बदलावा लागेल. पाच गुंठ्यांत आता मेथी आहे. नानांनी सरकारला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "आमचीच तारकाठी आम्हाला नडली."

गुंतवणुकीचा विषय निघालाच आहे, तर बँकेतल्या पोराचा किस्साही ऐका. एसआयपी गळ्यात मारायला आलेल्या त्या पोरानं आधी भीती घालायची म्हणून वायदेबाजाराची आकडेवारी सांगितली. ती खरीच आहे: सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या किरकोळ मंडळींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. नाना सावरून बसले. "म्हणजे शंभरात सात जण कमावतात? सलग तीन वर्षं? मग चांगलंय की रे हे!" पोरानं घाईघाईनं जोखमीची सूचना वाचून दाखवली. रोपं, मल्चिंग, बांबू, तार, फवारण्या, तोडणीची मजुरी असं एकरी काही लाख मातीत घालून भाव काय निघेल हे कॅरेट खाली ठेवल्यावर समजणाऱ्या माणसाला तो जोखीम समजावून सांगत होता. काकींनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, त्याला चहा दिला, तेवढंच त्याचं कमिशन.

सिनेमात नानांचा आवडता 'हेरा फेरी'. २०२३ च्या जुलैत टोमॅटो महागला म्हणून आपल्या घरीही कमी खातात, अशा अर्थाचं सुनील शेट्टी बोलून गेले. शेतकरी चिडले, शेट्टींनी माफी मागितली, प्रकरण मिटलं. नानांकडं मिटलं नाही. ते सिनेमा अजूनही बघतात, पण श्याम झालेले शेट्टी पडद्यावर आले की चहा सांगायला उठतात.

त्या जुलैबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्या वर्षी मे महिन्यापर्यंत टोमॅटो किलोला दोन-तीन रुपयांवर आला होता आणि लोक तो रस्त्यावर ओतत होते. नानांनी हाय खाल्ली. रोपांचा अ‍ॅडव्हान्स सोडून दिला, बांबू आणि तार शेजारच्याला वापरायला दिली, तीही फुकट, आणि आडसाली उसासाठी वावर मोकळं केलं. कारखाना ऊस नेतोच, भाव आधी ठरलेला असतो, डोक्याला ताप नाही. जुलैत नारायणगावात कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं. जुन्नर तालुक्यातल्याच एका कुटुंबानं महिन्याभरात दीड कोटीच्या वर कमावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्याच आठवड्यात नाना आपल्या वावरात उसाचं बेणं दाबत होते.

नानांच्या बांबूंवर शेजाऱ्याचा टोमॅटो किती लाखांचा झाला, हा भागाकार पारावर रोज होतो. नाना त्या वेळी नेमके उठून गेलेले असतात. मात्र शेजारी सांगतो ते असं: त्या महिन्यात पुणे जिल्ह्यात टोमॅटोच्या चोऱ्या सुरू झाल्या होत्या, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या तर बाराही महिने. नाना रोज रात्री बॅटरी आणि काठी घेऊन त्याच्या फडाच्या बांधावर खाट टाकून झोपले. पहाटे पिकअप भरायला हात लावला, बाजारात बरोबर गेले, भाव निघाला की शेजाऱ्याच्या आधी यांनीच टोपी उडवली. बदल्यात काय घेतलं? "पहिल्या तोड्याचं एक कॅरेट. तेही कमी भरलं म्हणून भांडून." इतका तापदायक माणूस मनातून काढून टाकता येत नाही, त्याचं कारण हे असावं.

त्या वर्षी आणखी बरंच घडलं. उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांनी बर्गरमधून टोमॅटो काढला. दिल्लीकरांसाठी केंद्रानं आधी ९०, मग ८०, मग ७० रुपये किलोनं टोमॅटो विकला. १० ऑगस्टला लोकसभेत अर्थमंत्र्यांनी नेपाळहून टोमॅटो आणत असल्याचं सांगितलं. सप्टेंबरात भाव कोसळला आणि टोमॅटो पुन्हा रस्त्यावर आला. तेव्हा तो किलोला पाच रुपयांनी उचलायला दिल्लीहून कोणी आलं नाही, नेपाळहूनही नाही. नानांना हे विचारलं तर ते पेन काढत नाहीत. "भाव वाढला की तो देशाचा प्रश्न, पडला की आमचा," एवढं बोलून ते उसाकडं बघतात.

यंदा त्यांनी पुन्हा एकरभर टोमॅटो लावला आहे. त्या बाजूला गेलात आणि हॉटेलात नानांची गाठ पडलीच, तर ऑर्डर देण्याआधी आजचा बाजार विचारून घ्या. दोनशेच्या खाली असेल, तर बिल त्यांच्या हाती लागू देऊ नका.