कागद आढळून येत नाही

आपल्या ग्रामपंचायतींकडे नोंदवह्यांची टंचाई नाही. 2011 च्या लेखासंहिता नियमांनी 33 नमुने दिलेत. पहिल्यात अंदाजपत्रक, तेहेतिसाव्यात चक्क झाडं. जंगम वस्तूंना सोळावा नमुना, स्थावर मालमत्तेला बाविसावा. खुर्ची, पंप, समाजमंदिर, सगळ्यांची सोय झाली. ही मालमत्ता आपलीच आहे हे सांगणारा कागद कुठे ठेवायचा, ते मात्र ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलंय.

पंपाचंच बघा. नोंद सोळाव्या नमुन्यात, बिल व्हाउचर फायलीत, ठराव इतिवृत्तात आणि वॉरंटी कार्ड पंप आणायला गेलेल्या सदस्याच्या घरी, देवाच्या तसबिरीमागे. पंप जळाला की या चौघांची गाठ घालून द्यावी लागते. तोवर वॉरंटी संपते. बिल सापडलंच तर ते थर्मल प्रिंटरचं, म्हणजे पांढरंशुभ्र. एवढा स्वच्छ व्यवहार शोधून सापडायचा नाही.

खरी मौज जमिनीची. समाजमंदिरासाठी एका भल्या माणसाने दोन गुंठे दिले, तोंडी. तेव्हा शब्दाला किंमत होती, असं आपण अभिमानाने सांगतो. मुद्रांक शुल्क वाचलं, ते सांगत नाही. समाजमंदिर बाविसाव्या नमुन्यात चढलं, सातबाऱ्यावर आजोबाच राहिले. पुढे रस्ता रुंद झाला, गुंठ्याला भाव आला आणि नातवंडांना आजोबांची फार आठवण येऊ लागली. आता बक्षीसपत्रासाठी अख्खी बॉडी कपाटापुढे उभी. किल्ली बदलून गेलेल्या भाऊसाहेबांकडे. चार्ज देताना त्यांनी यादीत ‘कपाट, लोखंडी, 1’ असं प्रामाणिकपणे लिहिलंय. आत काय आहे हे नव्या भाऊसाहेबांनी विचारलं नाही, कारण विचारलं की सही करता येत नाही. (1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदा मागितल्या आणि ज्यांना त्या दाखवता आल्या नाहीत अशा कित्येकांची इनामं गेली. त्यातून आपण एवढाच धडा घेतला, की सनद मागणारा माणूस वाईट.)

कायदे आहेत. अभिलेखांची सूची करून ते नीट ठेवा, असं माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम 2005 पासून सांगतंय. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला कैदही होऊ शकते. म्हणून आपल्याकडे कागद नष्ट होत नाही. तो ‘आढळून येत नाही’. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, अनुपालनात ‘शोध सुरू आहे’ असं उत्तर जातं. हा शोध पिढीजात चालतो.

हल्ली सगळं स्कॅन केलंय म्हणतात. ‘नवीन’, ‘नवीन फायनल’ आणि ‘नवीन फायनल 2’ या नावांनी, ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये.

वास्तविक काम दोन ओळींचं. नोंदीसमोर व्हाउचर क्रमांक, ठरावाची तारीख आणि दस्त क्रमांक लिहायचा. त्याच अनुक्रमांकाने झेरॉक्सची एक फाइल वहीशेजारी ठेवायची. अडचण एकच: मग सापडेल.

तेव्हा येत्या ग्रामसभेत नमुना 22 मागा. कुठल्याही एका नोंदीवर बोट ठेवा आणि तिचा कागद दाखवा म्हणा. सरपंच चहा सांगतील. चहा घ्या, पण उठू नका.