डीडी-२१४ महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. डीडी-२१४ महोदय,
राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्र, सेंट लुईस, मिझुरी, अमेरिका.

विषय : बेघर माजी सैनिकांमध्ये सरकारी सवलतींविषयी जनजागृती करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन असे की, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत एका रात्री झालेल्या गणनेत ३२,८८२ माजी सैनिक रस्त्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात आढळले असून, सवलतींची माहिती नसल्यामुळेच ते तेथे आहेत अशा समजुतीने फलक लावले जातात व पत्रके वाटली जातात; ती वाचून जागृत झालेल्या सैनिकाकडे सर्वप्रथम महोदयांचीच मागणी होत असल्याने त्यांचे अभिनंदन करणे अगत्याचे ठरते.

शेतकऱ्याच्या जमिनीला जो सातबारा, तोच सैनिकाच्या सेवेला डीडी-२१४, म्हणजे सक्रिय सेवेतून मुक्त होताना दिले जाणारे आणि १९५० पासून प्रचलित असलेले प्रमाणपत्र. रणांगणावर गमावलेल्या पायाला रकाने नसल्यामुळे तो पुरावा ठरत नाही, आणि दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला स्वतःच सादर करणाऱ्या मराठी निवृत्तिवेतनधारकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. महोदयांच्या संक्षिप्त प्रतीत सेवामुक्तीचा शेराच नसतो, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी चालत नाही. सविस्तर प्रतीच्या चोविसाव्या रकान्यात तो असतो, आणि तेथे ‘सन्माननीय’ याहून वेगळा शब्द पडला असल्यास, मग तो युद्धातून आलेल्या मानसिक आघातापायी झालेल्या वर्तनामुळे का असेना, अनेक दारे बंद होतात.

सवलती मात्र कागदी नाहीत, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. गृहनिर्माण खाते व माजी सैनिक खाते यांच्या संयुक्त योजनेत भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरावयाचे, उरलेले सरकारने, आणि उपचार व कामकाजासाठी एक समाजसेवक सोबत द्यावयाचा, अशी व्यवस्था आहे. ‘सन्माननीयाहून इतर’ असा शेरा असलेल्यांनाही २०२१ च्या कायद्याने ही योजना खुली झाली. दुसऱ्या योजनेतून थकलेले भाडे किंवा अनामत रक्कम भरून घर सुटण्यापूर्वीच ते वाचवता येते. २०१० च्या गणनेत ७४ हजारांहून अधिक असलेली संख्या निम्म्याहून खाली आली, ती अशा योजनांमुळेच. अर्थात, जखमेपोटी मिळणारी भरपाई उत्पन्नात धरली जात असल्याने अधिक जखमी सैनिक कित्येक अनुदानित इमारतींसाठी ‘अधिक सधन’ ठरत होते, आणि संयुक्त योजनेच्या पात्रतेपुरता हा नियम सैल होण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

महोदयांच्या निवासस्थानाचा इतिहासही बोधप्रद आहे. १२ जुलै १९७३ रोजी अभिलेख केंद्रास लागलेल्या आगीत सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, ज्यांच्या नकला वा सूक्ष्मचित्रफिती काढून ठेवलेल्या नव्हत्या. तरीही सरकारला आपले सरकारपण पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले नाही. उलट, पदपथ साफ करणाऱ्या पालिकेच्या गाडीत तंबूबरोबर एखाद्याची प्लास्टिकची पिशवी गेली आणि तिच्यातला एकच कागद हरवला, तर मात्र तो सैनिक होता की नव्हता, येथपासून प्रश्न उपस्थित होतो. नवी प्रत विनामूल्य मिळते. फक्त ‘नमुना १८०’ हा मागणी-अर्ज भरताना प्रत कोणत्या पत्त्यावर पाठवावी, हे बेघर अर्जदाराने लिहावयाचे असते.

हाच अर्जदार १८ वर्षांचा झाला तेव्हा संभाव्य सक्तीच्या भरतीसाठी त्याचे नाव नोंदवणे बंधनकारक होते, आणि २६ व्या वर्षापर्यंत पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवणेही. युद्धासाठी ज्याचा ठावठिकाणा इतक्या काटेकोरपणे राखला गेला, तो छप्पर देण्याच्या वेळी सापडत नाही, या चमत्काराचा खुलासा महोदयांच्या एकाही रकान्यात नाही.

सबब विनंती की, जनजागृतीची दिशा उलटी करण्यात यावी. माजी सैनिक खाते आपल्या संगणकीय नोंदींवरून एखाद्याची सेवा स्वतः पडताळू शकते, आणि बेघर सैनिकांसाठी त्याची दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते. म्हणून फलकावर एवढेच लिहिले जावे, की कागद नसला तरी सैनिकाने यावे, कागद शोधण्याचे काम खात्याचे आहे. फलक वाचण्याची पहिली पाळी अर्थातच खिडकीच्या आतल्या बाजूस बसलेल्यांची असावी.

कळावे.

प्रत, माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी : पुलाखालील सर्व माजी सैनिक. (टपाल पोचत नसल्याने समक्ष नेऊन द्यावी.)