बत्तीस बोअरचे मालक

इस्लापूरसारख्या बाजाराच्या गावात माणसाची पत मोजायची मापे ठरलेली आहेत. जमीन किती, ट्रॅक्टर कितवा, पोरगा नांदेडला कुठल्या क्लासला आणि गाडीच्या काचेवर पाटी कुठल्या पदाची. या सगळ्यांच्या वरचे माप फार थोड्यांच्या वाट्याला येते, ते म्हणजे रिव्हॉल्व्हरचे लायसन. ते ज्यांच्याकडे आहे त्यांना गाव ‘मालक’ म्हणते. मालक पन्नाशी ओलांडलेले आणि कडक इस्त्रीतले. हॉटेलात बसताना उजव्या कमरेवरचा सदरा फुगलेला दिसेल अशाच बेताने खुर्ची निवडतात. रिव्हॉल्व्हर आजोबांच्या काळचे, विलायती. आणि त्याची गोळी कुठे मिळत नाही. मालकांच्या भरल्या घरात एवढेच एक दुःख आहे, असे गाव समजते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. गोळी न मिळणे हीच मालकांची खरी मिळकत आहे, आणि ती उद्या मिळाली तर त्यांच्याइतका कष्टी माणूस अख्ख्या किनवट तालुक्यात शोधून सापडणार नाही.

आधी ही टंचाई खरी आहे का, ते पाहू. लायसनवर बोअरच्या रकान्यात ‘.३२’ एवढेच लिहिलेले असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण बत्तीसची काडतुसे एका जातीची नाहीत. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८७८ साली आखूड काडतूस काढले आणि १८९६ साली त्याचेच लांब भावंड. पिस्तुलाचे बत्तीस आणखी वेगळे. आखूड काडतूस लांबच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसते, पण लांब काडतूस आखूडच्या चक्रीत जात नाही, आणि मालकांचे रिव्हॉल्व्हर नेमके आखूडचे. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातले रिव्हॉल्व्हर लांब बत्तीसचे आणि त्याची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. हा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे मालकांच्या रिव्हॉल्व्हरपेक्षाही वडीलधारा, पण तो करतो ते चालू गिऱ्हाइकाचे काम. बाहेरून मागवावे तर खासगी शस्त्रांची व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद. तेव्हा टंचाई खरी आहे, मालक खोटे बोलत नाहीत. मात्र एखादी टंचाई खरी असूनही सोयीची असू शकते.

ती सोयीची कशी, हे शोधाच्या तऱ्हेवरून कळते. मालक हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत नांदेड गाठतात. परवानाधारक दुकानदार आधी लायसन तपासतो, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतात ते बघतो आणि खडकीची पेटी पुढे सरकवतो. मालक त्यातले एक काडतूस चिमटीत धरून उजेडाकडे नेतात. “हे नव्हं. आपलं आखूड हाय. जुना माल हाय तो.” दुकानातले बाकीचे गिऱ्हाईक मान वळवून बघते. त्या क्षणी मालकांच्या चेहऱ्यावर जे पसरते त्याला निराशा म्हणणे अवघड आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेच्या दुसऱ्या टोकालाही चौकशी करता आली असती, पण लायसनची हद्द महाराष्ट्रापुरती. हत्यार घेऊन तेलंगणात पाऊल टाकले तर मालकच आरोपी. हेही ते गावात आल्यावर सविस्तर सांगतात. “आपल्याकडं गोळीच मिळंना, मुंबईला सांगून ठेवलंय,” या एका वाक्यात केवढी सामग्री आहे पाहा. आपल्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, ते असे-तसे नाही आणि आपला हात मुंबईपर्यंत पोचतो, हे सारे त्यात येते. पेटीभर काडतुसे कपाटात असती तर यातले एक अक्षरही उच्चारायची सोय राहिली नसती.

मालकांच्या वर्षाचा क्रमही हेच सांगतो. खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर पाटावर येते, हळदीकुंकू लागते, वर झेंडूचे फूल पडते. त्या दिवशी गोळीची गरज नसते. लग्नात बार काढायची हौस असली, तरी २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. तेव्हा गोळी नाही हे तिथेही बरेच. मग येते निवडणूक. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती कोणाची हत्यारे जमा करायची ते ठरवते. गावातली माणसे ज्या दिवसांत खरोखर एकमेकांच्या अंगावर जातात, नेमक्या त्याच दिवसांत मालकांचे संरक्षण ठाण्यात पावतीवर पडून असते. त्याचे त्यांना दुःख नसते. दुःख होते ते समितीच्या यादीत नाव आले नाही तर. आपल्यापासून कोणालाच धोका वाटत नाही, हा सरकारी शेरा कोण सहन करील? अशा वेळी मालक स्वतःहून हत्यार जमा करून येतात आणि पावती वरच्या खिशात ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, हा भाग पैनगंगेच्या जंगलाचा, वस्त्या लांब लांब, स्वसंरक्षणाची गरज खोटी कशी? गरज खोटी नाही. पण ज्याला खरी भीती असते तो आखूड काडतुसाची वाट बघत पिढी घालवत नाही. लायसनवरचे हत्यार बदलून मिळावे म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. खडकीचे काडतूस बसेल असे कानपूरचे रिव्हॉल्व्हर घेता येते. मालकांनी हा अर्ज केलेला नाही. दुसरा आक्षेप रानडुकरांचा. ती कापूस-सोयाबीनची नासाडी करतात हे खरे. पण कायद्यातली पीकसंरक्षणाची तरतूद ठासणीच्या बंदुकीसाठी आहे. त्यातही १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही. खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा डुकराशी संबंध फक्त गप्पांत येतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. हत्यार ही घराची आठवण आहे, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात रझाकारांचे दिवस सोसलेल्या घरांना ती आठवण साधी नाही. हे मान्य. पण १९४८ च्या जानेवारीत उमरीच्या बँकेवर चालून गेलेल्या निजामविरोधी लढवय्यांनी हत्यारे मिळवली ती काम उरकायला, कमरेवर फुगवटा दिसावा म्हणून नव्हे. आठवण जपायची तर वारसाच्या नावाने लायसन करून घेण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे, आणि आठवणीला काडतूस लागत नाही. देव्हाऱ्यातल्या वस्तूसाठी नांदेडच्या दुकानात खेपा घालाव्या लागत नाहीत. मालक घालतात, कारण त्यांना आठवणीपेक्षा खेपच अधिक प्यारी आहे.

मग मालकांना नावे ठेवावीत का? मुळीच नाही. हातात हत्यार, अंगात रुबाब आणि चक्रीत शून्य गोळ्या, इतका निरुपद्रवी सशस्त्र नागरिक कुठल्याही सरकारला आवडावा. त्यांनी काडतुसाची रड लावली की वाचकांनी मनापासून हळहळावे. मुंबईच्या मेहुण्याचा फोन नंबर मात्र देऊ नये, आणि चक्री थोडी कोरून लांब काडतूस बसवा असला सल्ला तर चुकूनही देऊ नये. परवाना नसलेल्या कारागिराकडून हत्यारात फेरफार करणे हा गुन्हा आहे, आणि जुने लोखंड नव्या दारूने फुटले तर ते आधी मालकांच्याच हातात फुटेल. लायसन आता पाच वर्षांचे असते. आखूड गोळी मिळत नाही तोवर ही पाच वर्षे गावही सुखरूप आहे आणि मालकही.