योग्य उमेदवार घरातच होती!

कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं चहाबिस्किटांबरोबर फिरत असे : ‘आम्हाला महिला संचालक हवीच आहे हो, पण त्या तोडीची मिळायला नको का?’ पन्नास मुली नाकारलेल्या वरपित्याचा थकवा या वाक्यात असे.

मग २०१३चा कंपनी कायदा आला. कलम १४९नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला सक्तीची झाली. निम्म्या नाहीत, तेहतीस टक्के नाहीत. एक! तरीही गुणवत्तेचं आता कसं होणार, या काळजीने भल्याभल्यांना ग्रासलं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने या नेमणुकीची मुदत ऑक्टोबर २०१४वरून १ एप्रिल २०१५वर नेली. ती उलटली, तरी शेकडो कंपन्यांचा शोध चालूच होता.

शेवटी दंडाचं दरपत्रक निघालं. ३० जूनपर्यंत बाई नेमली तर पन्नास हजार, त्यानंतर वर रोजचे हजार. १ ऑक्टोबर उजाडला की एक लाख बेचाळीस हजार आणि शिवाय रोजचे पाच हजार. एवढ्या पैशांत अशा कंपनीची चहाबिस्किटंही भागत नसतील. पण कायदा आणि दंड यांच्या कात्रीत शोधाला वेग आला खरा. देशभर धुंडाळूनही न सापडलेली गुणवत्ता अनेक प्रवर्तकांना स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, समोरच्याच खुर्चीत सापडली. कुणाची पत्नी निघाली, कुणाची मुलगी, कुणाची बहीण. २०१४मध्ये रिलायन्सच्या मंडळावर नीता अंबानी आल्या, रेमंडच्या मंडळावर नवाज सिंघानिया. या दोघींच्या कर्तबगारीबद्दल प्रश्न नाही. कुतूहल आहे ते गुणवत्तेच्या पत्त्याचं. तो मालकाच्या आधार कार्डावरच्या पत्त्याशी इतका कसा जुळतो?

सेबीलाही तसंच काहीसं वाटलं असावं. १ एप्रिल २०१९पासून बाजारमूल्याने पहिल्या पाचशे आणि वर्षभराने पहिल्या हजार कंपन्यांना ‘स्वतंत्र’ महिला संचालक बंधनकारक झाली. स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकांची नातलग नसलेली. मग घराबाहेरही बायका मिळू लागल्या. सनदी लेखापाल, बँकर, वकील. त्या आधी कुठे लपल्या होत्या, याची चौकशी अजून कुणी नेमलेली नाही.

बाईचा प्रश्न निदान कायद्याने धसाला लागला. जातीचा विषय निघाला की उद्योगसंघटना आजही दचकतात. खाजगी क्षेत्रात आरक्षण नको, आम्ही स्वेच्छेनेच काय ते करू, असं त्यांनी २००६मध्ये सांगितलं आणि स्वेच्छेची आचारसंहिताही काढली. स्वेच्छा फार गुणी असते. ती कुणालाच घाई करत नाही. देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची आडनावं तपासणारा एक अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे निघाले. एवढी गुणवत्ता इतक्या थोड्या आडनावांत कोंबून बसवायची म्हणजे तिची गैरसोयच.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्लीतल्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी केलेली बातचीत २००७मध्ये प्रसिद्ध झाली. आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो, असं व्यवस्थापक सांगत होते. आणि मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र हटकून विचारत होते. वडील काय करतात, भावंडं कुठे शिकली, गाव कुठलं? ऊसतोड मजुराच्या मुलीने यातल्या कुठल्या उत्तराला किती गुण पडतात ते आधी विचारून ठेवावं. जाहिरातीत छापलेलं नसतं.

‘फॅमिली बॅकग्राउंड’ची उलट बाजूही आहे. २०२३मध्ये नीता अंबानी रिलायन्सच्या मंडळावरून उतरल्या आणि तिन्ही मुलांची नावं पुढे आली. त्यातल्या अठ्ठावीस वर्षांच्या अनंत अंबानींचा अनुभव कमी पडतो, असं सांगून दोन सल्लागार संस्थांनी भागधारकांना विरोधात मत द्यायला सुचवलं. मतदान झालं. जवळपास निम्मे समभाग प्रवर्तकांचे. अनंत यांच्या बाजूने ९२ टक्क्यांहून अधिक मतं पडली. फॅमिली बॅकग्राउंड समाधानकारक असावं.